पाळी गेल्यानंतर: काय सोसू नये, काय तपासावे आणि गोव्यात कुठे जावे

पाळी गेली की आमच्याकडची बाई आधी म्हणते, "सुटले एकदाची." म्हणणारच. देवळात जायचे, लग्नाला जायचे, प्रवासाला निघायचे, सगळे तारखा मोजून केलेले असते. पण त्यानंतर झोप उडते, लघवीला जळजळते, अंगातून वाफा निघतात, मनगट साध्या धक्क्याने मोडते, आणि या सगळ्यावर घरातून एकच उत्तर मिळते: "वय झाले." यातले काही खरेच वयाचे असते. बरेचसे उपचाराने जाणारे असते. आणि एखादी गोष्ट अशी असते, की तिच्यात आठवडासुद्धा घालवू नये. तिन्ही वेगळी कशी ओळखायची आणि कोणत्या क्रमाने कामाला लागायचे, ते इथे लिहिते आहे.

आधी तारीख लिहून ठेवा

सलग १२ महिने पाळी आली नाही, की पाळी गेली असे धरतात. त्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी सहसा लागत नाही. जगभरात हे वय सरासरी ५१ च्या आसपास आहे, आपल्याकडे ४६-४७. म्हणजे आपल्या बायकांची हाडे आणि हृदय पाच-एक वर्षे आधीच इस्ट्रोजेन या हार्मोनविना पडतात. शेवटच्या पाळीची तारीख कॅलेंडरवर नको, ते जानेवारीत रद्दीत जाते. आरोग्याच्या फाइलच्या पहिल्या पानावर लिहा. पुढे प्रत्येक डॉक्टर ती विचारणार आहे.

चाळिशीच्या आत पाळी गेली तर "लवकर सुटले" म्हणून खूश होऊ नका. अशा वेळी कारण शोधावे लागते. हाडे आणि हृदय सांभाळण्यासाठी, वेगळी अडचण नसेल तर, नेहमीच्या वयापर्यंत हार्मोन्स घ्यायचा सल्लाही बहुधा मिळतो. गर्भपिशवी काढलेल्यांचा प्रश्न निराळा. पाळी नसल्याने आपण नेमक्या कुठे आहोत ते त्यांना कळत नाही. ऑपरेशनचा कागद काढून बघा, अंडाशयेही काढली आहेत का. काढली असतील तर तुमची रजोनिवृत्ती त्याच दिवशी झाली. अनेकींना हे कुणी सांगितलेलेच नसते.

गर्भ राहण्याची भीतीही लगेच जात नाही. शेवटची पाळी पन्नाशीनंतर आली असेल तर पुढे एक वर्ष आणि पन्नाशीच्या आत आली असेल तर दोन वर्षे गर्भनिरोधक वापरायचे असते.

थेंबभर रक्त दिसले तरी

हा भाग वाचून लेख बंद केलात तरी चालेल. वर्षभर पाळी नाही आणि मग एक दिवस अंगावरून लाल गेले, तपकिरी डाग दिसला, तर ते "पाळी परत आली" असे नसते. दुखत नाही, एकदाच झाले, उन्हाळ्यामुळे झाले असेल, चतुर्थीच्या धावपळीमुळे झाले असेल, यातले एकही कारण थांबण्यासाठी पुरेसे नाही. बहुतेकींच्या बाबतीत कोरडेपणा किंवा साधा मस्सा (पॉलिप) निघतो. पण अशा दहा-अकरा बायकांमागे एकीला गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग सापडतो, आणि हा कर्करोग लवकर सापडला तर बहुधा पूर्ण बरा होतो. तो स्वतःच रक्त दाखवून सावध करतो, अशी सोय फार थोड्या कर्करोगांत असते.

करायचे काय? त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायचे. आतून तपासणी होते, योनिमार्गातून सोनोग्राफी होते. अस्तर ४ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असेल तर धोका फार कमी. जाड असेल, किंवा पातळ असूनही रक्त पुन्हा जात असेल, तर अस्तराचा तुकडा तपासायला घेतात. लठ्ठपणा, मधुमेह, स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन ही गोळी चालू असणे, यांपैकी काही असेल तर ते न विचारता स्वतःहून सांगा.

ज्याबद्दल बोलत नाही ते: कोरडेपणा आणि लघवी

वाफा काही वर्षांनी कमी होतात. कोरडेपणा मात्र उपचार न केल्यास वाढतच जातो. खाज, जळजळ, संबंधाच्या वेळी दुखणे, लघवीची घाई, आणि वर्षातून तीन-चार वेळा लघवीचा संसर्ग, या सगळ्यांचे मूळ एकच: इस्ट्रोजेन कमी झाल्याने योनी आणि मूत्रमार्गाची त्वचा पातळ होते. तरी दर वेळी नवी अँटिबायोटिक घेत बायका वर्षे काढतात.

उपायांचा क्रम असा ठेवा. सुगंधी साबण आणि "इंटिमेट वॉश" बंद, नुसते पाणी पुरे. मग योनीसाठी मिळणारे मॉइश्चरायझर आठवड्यातून दोन-तीनदा, आणि संबंधाच्या वेळी पाण्यावर आधारलेले ल्युब्रिकंट. खोबरेल तेल आपल्या घरात असतेच आणि पुष्कळजणींना चालते, पण निरोध वापरत असाल तर तेलाने तो फाटतो. एवढ्याने भागले नाही तर डॉक्टरांकडून इस्ट्रोजेनचे मलम किंवा योनीत ठेवायची गोळी लिहून घ्या. मात्रा अगदी कमी असते, रक्तात फारसे जात नाही, आणि वारंवार होणारे लघवीचे संसर्गही त्याने कमी होतात. गुण यायला काही आठवडे लागतात आणि सोडले की त्रास परततो, हे ठाऊक असलेले बरे. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर आधी त्या डॉक्टरांना विचारा.

शिंकताना, हसताना, फुगडी घालताना लघवी सुटते त्यावर व्यायाम आहे. वारा सुटू नये म्हणून जो भाग आपण आत ओढून धरतो, तोच ओढायचा. पाच ते दहा सेकंद धरा, तेवढेच सैल सोडा. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. पोट आणि मांड्या घट्ट होत असतील तर चुकीचे स्नायू ओढले जात आहेत. लघवी मध्येच थांबवून सराव मात्र करू नये. आणखी एक: कदंबाच्या बसने पणजीला जायचे म्हणून सकाळपासून पाणी न पिण्याची आपली सवय. त्याने लघवी दाट होते, जळजळ वाढते आणि संसर्गाला आवतण मिळते. निघण्याआधी जाऊन या, पण पाणी तोडू नका.

हाडे: मोडेपर्यंत बोलत नाहीत

पाळी गेल्यानंतरची पहिली पाच-सात वर्षे हाडे सर्वांत जलद झिजतात. दुखत काही नाही. गुडघे दुखतात ते सांध्याचे, हाडांच्या ठिसूळपणाचे नव्हे. या दोन गोष्टींची गल्लत करून किती कॅल्शियमच्या गोळ्या खाल्ल्या जातात, देव जाणे. ठिसूळपणाच्या खुणा वेगळ्या: उंची कमी होणे, पाठीला बाक येणे, उभ्या उभ्या पडून मनगट मोडणे. दाराच्या चौकटीवर नातवंडांची उंची खुणावता ना, तिथेच आपलीही खूण करा. तरुणपणच्या उंचीहून चार सेंटिमीटर कमी झाल्या असाल तर डॉक्टरांना सांगा.

तपासणी म्हणजे डेक्सा, हाडांची घनता मोजणारी. कंबर आणि खुब्याची, झोपून, काही मिनिटांत होते. रिपोर्टवर टी-स्कोअर पाहा: उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ च्या मध्ये हाडे विरळ, उणे २.५ किंवा त्याहून खाली ऑस्टिओपोरोसिस. पासष्टीनंतर प्रत्येकीने करावी. पाळी पंचेचाळिशीच्या आत गेली, आईचा खुबा मोडला होता, अंग फार बारीक आहे, दमा किंवा संधिवातासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या, एखादे हाड सहज मोडले, अशांनी पासष्टीची वाट पाहू नये. शिबिरात पायाच्या टाचेवर यंत्र लावून जे आकडे देतात ते प्राथमिक अंदाजापुरते. त्यावरून औषध सुरू करू नका.

आता खाणे. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे २०२० चे कोष्टक सांगते. गोव्याचे ताट त्याला वाईट नाही, फक्त आपण ते चुकीच्या अंगाने खातो. सुरमई-इसवणाच्या तुकडीत कॅल्शियम थोडे. ते काट्यात असते. म्हणून मोतयाळ्यांसारखी काट्यासकट खायची बारीक मासळी, काटे मऊ होईपर्यंत शिजवलेले तारले, सुक्या मासळीत गालमो (बारीक सुकी कोलंबी). सुक्यात मीठ भरपूर असते, तेव्हा दोन पाण्यांत धुऊन, आणि रोज नको. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. दोन भाकऱ्यांत दोनशेच्या जवळपास निघाले. नाचणीचे गोड तिझण करायचे तर गूळ हात राखून. मोठा चमचाभर तीळ म्हणजे साधारण शंभर, दोन पेले दूध किंवा दही साडेचारशे ते पाचशे, बाकी डाळी-भाज्यांतून. तांबडी भाजी खावीच, पण तिच्यातल्या ऑक्झॅलेटमुळे कॅल्शियम पुरते अंगी लागत नाही. कॅल्शियमसाठी तिच्यावर विसंबू नका.

प्रथिनांकडे आमच्या बायकांचे सगळ्यांत जास्त दुर्लक्ष. मासळीचा मोठा तुकडा पुरुषांच्या ताटात आणि बाईच्या वाट्याला हुमणाचा रस नि डोके, हे घराघरांतले चित्र. वजनाच्या दर किलोमागे साधारण एक ग्रॅम प्रथिने हवीत; मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून. शिवराक (बिनमासळीच्या) दिवशी अळसांद्यांचे तोणाक किंवा मुगागाठी करा आणि वाटीभर घ्या. सोमवार, गुरुवार आणि वर एकादशी असे उपास साबुदाण्यावर काढणाऱ्या बाईचे स्नायू कशावर टिकायचे?

गोळीचे नियम थोडे. खाण्यातून जेवढे कमी पडते तेवढेच गोळीने भरायचे. एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त घेतले तर नीट शोषले जात नाही. कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबर घ्या. लोहाची गोळी त्याबरोबर नको, आणि थायरॉइडची गोळी व कॅल्शियम यांत चार तासांचे अंतर ठेवा. ड जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटच्या पुड्या डॉक्टर ठरावीक आठवडे देतात. शेजारणीच्या सांगण्यावरून ती दर रविवारी वर्षभर घेतली तर रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. ऊन आहे म्हणून ड आहे, हा समजही गोव्यात चालत नाही. नऊवारीत नाहीतर गाउनमध्ये, सावलीतल्या रांधणीत दिवस जातो, तिथे कुठले ऊन?

हाडांना भार लागतो. आठवड्यात १५० मिनिटे जोरात चालणे हे हृदयासाठी. हाडे-स्नायूंसाठी दोन दिवस ताकदीचा व्यायाम वेगळा हवा. घरी करता येईल असा: हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठबस, ओट्याला धरून टाचा वर-खाली पंधरा वेळा, पाण्याने भरलेल्या लिटरच्या बाटल्या दोन्ही हातांत घेऊन खांद्यावर उचलणे. दात घासताना एका पायावर उभे राहा, एक हात भिंतीजवळ ठेवून. फुगडी नि धालो हाडांसाठी उत्तमच, आणि मंडळात गेल्याने मनही हलके होते. पण ऑस्टिओपोरोसिस निघाला असेल तर गरगर फिरणारी फुगडी आणि कमरेत वाकून उचलणे बंद. मिरामारला किनाऱ्यावर चालायला जाणाऱ्यांनी उतरत्या वाळूवर एकाच बाजूने मैलभर जाऊ नये, गुडघा आणि टाच भरते.

आणि घर. गोव्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत अंगणातल्या चिऱ्यांवर शेवाळ चढते. तुळशीला पाणी घालायला पहाटे ओल्या पायांनी जाणे, बलकांवच्या (ओसरीच्या) पायऱ्या उतरणे, न्हाणीतला गुळगुळीत दगड, पडायच्या जागा ठरलेल्या आहेत. पावसाआधी आणि गणपतीआधी चिरे खरवडून घ्या. न्हाणीत धरायला लोखंडी दांडा बसवा, टॉवेलचा दांडा वजन पेलत नाही. रात्री लघवीला उठायच्या वाटेवर झिरोचा दिवा, वीज जाते तेव्हासाठी उशाशी बॅटरी. झोपेची किंवा रक्तदाबाची गोळी नवी सुरू झाली असेल तर अंथरुणातून उठताना आधी मिनिटभर बसा.

औषध लागलेच तर घाबरू नका, पण घ्यायची रीत पाळा. आठवड्यातून एकदा घ्यायची अॅलेंड्रोनेटची गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. नंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही, चहाही नाही. नाहीतर अन्ननलिकेला व्रण पडतो. दात काढायचे असतील तर औषध सुरू होण्याआधी काढून घ्या.

साखर, दाब, हृदय

इथे गोव्याचा आकडा फार बोलका आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात निघाले, २६.४ टक्के. म्हणजे चार प्रौढांत एक. पाळी असेपर्यंत बाईला हृदयविकारापासून जे थोडे संरक्षण असते ते नंतर ओसरते. वाईट कोलेस्टेरॉल वाढते, चरबी कमरेला जमते.

वर्षातून एकदा उपाशीपोटी साखर किंवा एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड (रक्तातली चरबी), रक्तदाब. उपाशी साखर १०० ते १२५ म्हणजे उंबरठ्यावर, १२६ किंवा वर गेली तर पुन्हा तपासून उपचार. थकवा, वजन वाढणे, केस गळणे यांसाठी थायरॉइडही एकदा पाहून घ्या, कारण त्याची लक्षणे पाळी जाण्याच्या लक्षणांशी बेमालूम मिसळतात. दुपारच्या ताटात उकड्या तांदळाचा डोंगर अर्धा करा, त्या जागी भाजी आणि कडधान्य. पावाऐवजी कोंड्याची पोळी चालेल, पण तीन नकोत.

बाईचा हृदयविकाराचा झटका नेहमीच छातीत कळ देत नाही. धाप, जबड्यात किंवा पाठीत दुखणे, मळमळ, थंड घाम, विचित्र थकवा असाही येतो. "गॅस झाला" म्हणून सोडा पीत बसू नका. १०८ ला फोन करा.

वाफा, झोप आणि हार्मोन्सचा प्रश्न

वाफा कित्येकींना सात-सात वर्षे छळतात. मे महिन्यातल्या दमट गोव्यात तर बाहेरचा घाम कुठला नि आतला कुठला तेच कळत नाही. सुती कपडे, उशाशी पंखा, रात्रीचे जेवण लवकर. तिखट, कडक चहा, आणि हुर्राक-फेणी यांनी वाफ येते का ते दोन आठवडे वहीत टिपून पाहा. जिला ज्याने येते तिने ते सोडावे, सगळ्यांनी सगळे सोडायची गरज नाही.

वाफांनी झोप आणि कामच बिघडत असेल तर हार्मोन्स हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाच्या बातम्यांनी जगभर धास्ती बसली, ती आपल्याकडे अजून उतरलेली नाही. पण त्या अभ्यासातल्या बायका सरासरी साठीच्या पुढच्या होत्या. साठीच्या आत, किंवा पाळी जाऊन दहा वर्षे व्हायच्या आत सुरू केले, आणि वेगळी अडचण नसेल, तर बहुतेकींना फायदा धोक्याहून जास्त असतो. पिशवी असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन हवेच, नाहीतर अस्तर वाढते. स्तनाचा कर्करोग, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ, पक्षाघात, हृदयविकार, यकृताचा आजार, कारण न कळलेला रक्तस्राव, यांपैकी काही असेल तर नको. त्यांच्यासाठी हार्मोन्सशिवायची औषधे आहेत, ती डॉक्टर सुचवतात. बिनलेबलचा काढा मात्र कुणीही देवो, घेऊ नये. त्यात काय आहे ते देणाऱ्यालाही सांगता येत नाही.

मनाचे लपवू नका. मुले पुण्या-बंगळुरूला किंवा बोटीवर, नवरा निवृत्त होऊन घरात, सासूचे अंथरूण आपल्यावर, आणि त्यात झोप नाही. दोन आठवड्यांहून जास्त दिवस कशातच जीव रमत नसेल तर ते पाळी गेल्याचे म्हणून सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येते. बांबोळीला मानसोपचार संस्था आहे, आणि तिथे जायला वेड लागावे लागत नाही. मरावेसे वाटत असेल तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि जा.

कर्करोगाच्या चाचण्या, आणि कुठे जायचे

स्तनात गाठ, बोंडी आत ओढणे, कातडी संत्र्याच्या सालीसारखी होणे, बोंडीतून रक्त: यांपैकी काही दिसले तर कॅम्पची वाट पाहायची नाही. काही नसले तरी पन्नाशीनंतर साधारण दोन वर्षांनी मॅमोग्राम करावा. 'स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा' उपक्रमात २०२१ पासून आरोग्य केंद्रांत स्तनावर टेकवून गाठीचा कडकपणा टिपणाऱ्या, हातात धरायच्या यंत्राने तपासणी होऊ लागली. पहिली चाळण म्हणून ठीक, पण ती मॅमोग्रामच्या जागी नाही.

गर्भाशयमुखाची तपासणी पासष्टीपर्यंत चालू ठेवायची. व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहण्याची पद्धत पाळी गेलेल्या बाईत भरवशाची राहत नाही, कारण पाहायचा भाग आत सरकलेला असतो. एचपीव्ही (विषाणूची) किंवा पॅप (पेशींची) चाचणी मागून घ्या.

सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करा. साखर, दाब, हिमोग्लोबिन तिथेच होते. पुढे उत्तरेत म्हापसा, दक्षिणेत मडगाव इथली जिल्हा इस्पितळे, फोंड्याचे उपजिल्हा इस्पितळ, आणि गुंतागुंतीसाठी बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज. ओपीडीची चिठ्ठी सकाळी लवकर काढावी लागते. आतून तपासणी होणार असेल तर सुटसुटीत कपडे घाला आणि बाई डॉक्टर हवी असल्यास खिडकीवरच सांगा. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड बरोबर ठेवा. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्याला चार लाख असे वर्षाचे संरक्षण आहे, मात्र ते दाखल होऊन होणाऱ्या उपचारांसाठी, ओपीडीच्या तपासण्यांसाठी नव्हे. कार्डाचे नूतनीकरण राहिले आहे का ते ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नको, आजच बघा.

बरोबर न्यायचे: ती फाइल, चालू गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, पिशवी काढल्याचा कागद, आणि तीन प्रश्न लिहिलेली चिठ्ठी. कोरडेपणाचा किंवा लघवीचा प्रश्न पहिला लिहा. शेवटी ठेवला तर तो दारातून बाहेर पडताना आठवतो आणि मागे रांग उभी असते.